सात नंबर टेबलाची पाच मिनिटं

१४ सप्टेंबर, रविवार

दिली होती पाच मिनिटं. मीच दिली होती.

इथे लिहून ठेवतो, कारण बाकी कुठेच लिहिलं नाही. आणि तिथेच वाट लागली.

क्रमाने लिहितो. कार्डांच्या खेळाची स्पर्धा, मी जज, म्हणजे पंच. घाटकोपरचा लग्नाचा हॉल, एकशे बारा खेळाडू, सातवा म्हणजे शेवटचा राऊंड. सात नंबर टेबलावर लेस्टर आणि सिद्धेश. लेस्टर जिंकला असता तर पहिल्या आठात जाणार होता. राऊंड पन्नास मिनिटांचा. घंटा झाली की दोघांचे मिळून पाच टर्न, त्यात निकाल नाही लागला तर बरोबरी. बरोबरी म्हणजे लेस्टर बाहेर.

बत्तिसाव्या मिनिटाला लेस्टरने हात वर केला. त्याला एका कार्डाबद्दल विचारायचं होतं, पण सिद्धेशसमोर नाही. समोर विचारलं की हातात काय आहे ते कळतंच. म्हणून नियमाप्रमाणे त्याला बाजूला घेतलं, खांबापाशी. प्रश्न किचकट होता. मी फोनवर नियम उघडले, वाचले, परत वाचले, उत्तर दिलं. पाच मिनिटं गेली. जजने खाल्लेला वेळ त्या टेबलाला परत द्यायचा असतो. मी म्हणालो, पाच मिनिटं वाढवून देतो. तो म्हणाला, ठीक. आता टेबलावर जायचं, निकालाच्या स्लिपवर ‘+५’ लिहायचं, बाजूला सही करायची. दोन सेकंदांचं काम!

तेवढ्यात अकरा नंबरवर कुणाचं तरी आंब्याचं सरबत कार्डांवर सांडलं. आरडाओरडा झाला. मी तिकडे धावलो — आणि विसरलो.

घंटा झाली. लेस्टर म्हणाला, आमची पाच मिनिटं बाकी आहेत. सिद्धेश म्हणाला, मी तर काही ऐकलं नाही. तेही खरंच, तो टेबलावरच बसून होता. शौनक आला. तो हेड जज. शिवाय आज त्याची माझ्यावरही नजर होती, कारण जजच्या दुसऱ्या लेव्हलसाठी माझी चाचणी चालू होती. त्याच्या हातात पॅडवर माझा तक्ता. त्यातली सहावी ओळ मला पाठ आहे — ‘वाढीव वेळ स्लिपवर तात्काळ नोंदवतो.’

शौनकने विचारलं, "मिथुन, तू वेळ वाढवून दिला होतास?"

मी स्लिपकडे पाहिलं. कोरी.

"नाही," म्हणालो.

लेस्टर माझ्याकडे बघत राहिला. ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मिथुन, खांबापाशी, आठव." मी म्हणालो, तिथे फक्त कार्डाबद्दल बोलणं झालं. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सफाईने निघालं.

वेळ मिळवण्यासाठी जजशी खोटं बोलला, म्हणून लेस्टर स्पर्धेतून बाद. आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. कार्ड लपवलं तरी एकवेळ तिथेच बाजू ऐकून घेतात. त्याने गुपचूप कार्डं गोळा केली, डबीत भरली, सिद्धेशशी हात मिळवला आणि गेला. माझ्याशी हात मिळवला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर मी.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझा पगार कशाचा? एमआयडीसीतल्या लॅबमध्ये दुसऱ्यांचे वजनकाटे तपासायचा. काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं, आणि खरं बोलत असला तर वर स्टिकर लावून सही करायची. आज सात काटे तपासले. सातही बरोबर. सह्या केल्या. कुणी हसलं नाही.

अण्णा बेस्टमध्ये टाइमकीपर होते, देवनार डेपोला. एकवीस वर्षं गाड्या सुटायची वेळ लिहिली. लहानपणी घरात काहीही झालं की ते विचारायचे, किती वाजता? नेमकं सांगायचं — साधारण, सुमारे चालत नसे. तेच माझ्यात उतरलं. खेळाडू मागून मला ‘मीटर’ म्हणतात, रिक्षाचा. मला ते आवडायचं.

नवीन जजांची शाळा मीच घेतो. तिथलं माझं ठरलेलं वाक्य — "लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही." काल शौनकने तेच वाक्य लेस्टरला ऐकवलं. माझं नाव घेऊन!

१६ सप्टेंबर

लेस्टरला फोन करायला तीनदा नंबर काढला. तीनदा खिशात ठेवला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शौनकचा फोन आला. प्रकरण शिस्त समितीकडे गेलंय. ज्याला काही सांगायचं असेल त्याने रविवारी संध्याकाळी सहापर्यंत समितीच्या फॉर्मवर लिहून द्यायचं. सहाला फॉर्म बंद. समितीही आमच्यासारखीच, घंटा झाली की झाली. मी नाही लिहिलं तरी चालेल, हेड जजचा रिपोर्ट पुरतो, असं तो म्हणाला. बंदी साधारण एक वर्षाची होते.

मग म्हणाला, तुझी चाचणी झकास झाली. दबावाखाली ठाम राहिलास.

सहाव्या ओळीपुढे त्याने बरोबरची खूण केली आहे. वाढीव वेळ तात्काळ नोंदवतो!

बंदी म्हणजे नुसतं खेळायचं नाही, असं नाही. हॉलमध्ये पाऊलच टाकायचं नाही. आणि लेस्टरची मुलगी किम्बर्ली बारा वर्षांची आहे, तीस नोव्हेंबरला बोरिवलीला ज्युनिअरची मोठी स्पर्धा आहे, आणि ज्युनिअरबरोबर घरचं एक मोठं माणूस हॉलमध्ये लागतंच. त्याची बायको कार्मेन नर्स आहे, तिला रविवारची ड्युटी असते. म्हणजे लेस्टर नाही तर किम्बर्ली नाही. पोरगी दोन वर्षं या एका स्पर्धेसाठी खेळतेय. गेल्या वर्षी वयात बसली नाही म्हणून जिन्यात बसून रडली होती, मी बघितलं होतं.

हे सगळं मला ठाऊक आहे. तिचा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा संच, बांधायला मीच मदत केली होती.

२० सप्टेंबर, शनिवार

शेवटी मरोळला गेलो. गावठाणातलं त्यांचं घर मला तोंडपाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी याच घराच्या ओट्यावर लेस्टरने मला खेळ शिकवला. तेव्हा माझ्याकडे एकही कार्ड नव्हतं, तर त्याने आपला जुना डेक दिला आणि म्हणाला, हरव पण विकू नकोस.

कार्मेनने दार उघडलं. आत ये म्हणाली, पण नेहमीसारखं ‘आलास का रे’ नाही. चहा दिला. किम्बर्ली टेबलावर कार्डं पिसत होती, एका हाताने, बापासारखी. मला बघून म्हणाली, मिथुन अंकल, तीस नोव्हेंबरला तुम्ही असणार ना? मी मान हलवली.

लेस्टर साऊंडचं काम करतो, अंधेरीत, शूटिंगला. हेडफोन लावून दिवसभर बसायचं आणि कुणी तीन खोल्या पलीकडे चमचा ठेवला तर तो ऐकायचा. असल्या माणसाने ‘पाच मिनिटं’ ऐकली, आणि ती मी दिलीच नव्हती असं मी भर हॉलमध्ये ठरवलं!

भांडला असता तर बरं झालं असतं. शिव्यांची उत्तरं मी मेट्रोत बसून तयार केली होती. त्याने ओट्यावर नेलं आणि एवढंच विचारलं, "उद्या सहापर्यंत आहे ना?"

"हो."

"लिहिणार आहेस?"

"लिहितो," म्हणालो. "उद्या लिहितो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा अजून तिथेच आहे, पण मला तो माझा वाटत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी दहाला फॉर्म उघडला. ‘मी पाच मिनिटं वाढवून दिली होती. स्लिपवर लिहायला विसरलो. विचारल्यावर खोटं बोललो.’ तीन वाक्यं. वीस मिनिटांत झालं. मग दुरुस्त करत बसलो. ‘खोटं बोललो’च्या जागी ‘मला त्या क्षणी आठवलं नाही’ घातलं. काढलं. परत घातलं. परत काढलं.

विसरलो हे त्या दिवशी सांगितलं असतं तर एक खूण गेली असती. सहा महिन्यांनी परत चाचणी. बस! आता सांगितलं तर खोटं बोलणारा जज — कायमचा बाद. माझ्याच शाळेत माझं उदाहरण देतील. नऊ वर्षांत मी एवढं एकच काही मिळवलंय. ऑफिसात मला कुणी ओळखत नाही. स्पर्धेच्या हॉलमध्ये मी हात वर केला की शंभर माणसं गप्प होतात.

आई म्हणाली, पत्त्यांच्या पायी किती वेळ फोनमध्ये डोकं घालून बसशील? तिला अजून वाटतं आम्ही जुगार खेळतो. मी खेळत नाही गं, मी पंच आहे, असं नेहमी सांगतो. आज नाही सांगितलं.

साडेपाच. पावणेसहा. पाच पंचावन्नला वाक्यं तयार होती, अंगठा बटणावर होता. मी घड्याळ बघत बसलो. दुसऱ्यांना सांगतो की विचार करायला हरकत नाही, पण चाल करा, हात तर हलवा. मला कुणी सांगितलं नाही.

सहा वाजले. फॉर्म बंद झाला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? सुटल्यासारखं वाटलं. आणि मग स्वतःचीच किळस आली.

२२ सप्टेंबर

काल सव्वासहाला मला भूक लागली आणि मी पोटभर जेवलो. हेही लिहून ठेवतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

अंधेरीच्या कार्डांच्या दुकानात पोरांचा सराव असतो, तिथे गेलो. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं. सरावाला येणारा विकी सगळ्यांना सांगत होता, लेस्टरसारखा माणूस पण असलं करतो म्हणजे काय यार! नऊ वर्षांत एकदा कार्ड उलटं ठेवलं नाही त्याने. बाकीचे म्हणाले, तसलेच साधे दिसतात. मी काउंटरपाशी उभा होतो. विकी म्हणाला, मीटरला विचार ना, त्यानेच पकडला.

मी म्हणालो, जाऊ दे रे. किती मोठं मन माझं!

इतकी वर्षं मी नाकाने कांदे सोलले. कुणी पंधरा सेकंद जास्त घेतले की ताकीद. कुणी पिसताना रेंगाळला की ताकीद. एकदा एका मुलाला बापाचा दवाखान्यातून फोन आला, त्याने उचलला, तर मी त्यालाही ताकीद दिली होती. नियम तो नियम. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याचं नाव आज दिवसभर आठवत होतो, आठवलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरा शर्ट घालून आई-अण्णांबरोबर गोवंडीच्या विहारात गेलो. सगळे उभे राहून पंचशील म्हणत होते. पहिलं, दुसरं, तिसरं म्हटलं. चौथ्याला — मुसावादा वेरमणी — माझा आवाज गेला. ओठ हलवले, आवाज नाही. खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं सांगायचं, तेही खोटंच, म्हणजे किती झाली! शेजारी अण्णा उभे होते. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांना कळलं.

घरी येताना नाक्यावर त्यांनी मला थांबवलं, आईला पुढे जाऊ दिलं. विचारलं, काय झालं? कधीपासून? मी सगळं सांगितलं. किती वाजता घंटा झाली तेही सांगितलं. मग म्हणाले, "गाडी उशिरा सुटली तर उशिराची वेळ लिहायची. पण लिहायची."

फॉर्म बंद आहे म्हटलं. ते म्हणाले, पत्र लिहिणं बंद आहे का?

दुपारी समितीला मेल केला. तीच तीन वाक्यं. ‘खोटं बोललो’ ठेवलं. खाली पूर्ण नाव, जज नंबर, फोन. शौनकलाही पाठवला. अकरा दिवस उशीर. पण गेला.

रात्री झोप लागली. चक्क!

९ ऑक्टोबर, गुरुवार

समितीचं उत्तर आलं. पाच वेळा वाचलं. नियमासारखं वाचलं, एकेक शब्द.

खेळाडूने स्वतः लेखी कबुली दिली आहे की जजने वेळ वाढवून दिला नव्हता आणि आपण खोटं बोललो. प्रामाणिक कबुली दिल्यामुळे बंदी एक वर्षावरून दोन महिने. चौदा नोव्हेंबरला संपेल. प्रकरण बंद. आपण खेळाडूबद्दल दाखवलेली कळकळ आम्ही समजू शकतो, परंतु असा दोष स्वतःवर घेणं योग्य नाही.

कळकळ!

कबुलीची वेळही दिली आहे. २१ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजून छप्पन्न मिनिटं.

११ ऑक्टोबर, शनिवार

स्टुडिओबाहेर लेस्टरची दोन तास वाट पाहिली. तो बाहेर आला, गळ्यात हेडफोन. समोरच्या टपरीवर नेलं. चहा त्यानेच सांगितला.

मी म्हणालो, असं का लिहून दिलंस? तू खोटं बोलला नव्हतास.

तो म्हणाला, "साडेपाचपर्यंत वाटत होतं तू लिहिशील. पावणेसहाला कार्मेन म्हणाली, तो लिहिणार नाही. कबूल केलं तर शिक्षा कमी होते, हे तूच शाळेत शिकवतोस ना? मग लिहिलं."

त्याने ग्लास खाली ठेवला. मी मेलबद्दल सांगितलं, की पाठवला, पण ऐकत नाहीत, मी परत लिहितो, भांडतो, प्रकरण उघडायला लावतो. तो एकदम घाबरला. लेस्टरला मी कधी घाबरलेला बघितला नव्हता. म्हणाला, उघडलं तर मी कबुली खोटी दिली असं होईल. परत चौकशी, परत तारीख. तीस नोव्हेंबर गेली मग. तू आता गप्प बस. बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस, आता तरी गप्प बस.

म्हणजे माझं खोटंही त्याला बाधलं आणि आता माझं खरंही बाधणार. मी करून सवरून नामानिराळा.

निघताना पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, राहू दे. हात मात्र मिळवला. तेच जास्त लागलं.

५ नोव्हेंबर

दुसऱ्या लेव्हलचं सर्टिफिकेट आलं. शौनकने ग्रुपवर टाकलं. माझ्या मेलमध्ये त्यालाही कळकळच दिसली. एकेचाळीस जणांनी अभिनंदन केलं. मी फोन उलटा करून ठेवला. शौनकला कळवलं की तीसची बोरिवलीची स्पर्धा तेवढी करतो, माणसं कमी आहेत म्हणून. त्यानंतर जजचं काम नाही. तो म्हणाला, दमलायस, विश्रांती घे.

अण्णांनी सर्टिफिकेट बघितलं. तारीख वाचली. परत माझ्या हातात दिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

बोरिवली. लेस्टर पालकांच्या खुर्च्यांत, शेवटच्या रांगेत. तिसऱ्या राऊंडला किम्बर्लीने हात वर केला आणि मीच जवळ होतो. तिच्या प्रश्नात चार मिनिटं गेली. म्हणालो, चार मिनिटं वाढवून देतो.

तिने पेन पुढे केलं. "अंकल, आधी लिहा. तोंडी चालत नाही."

मी म्हणालो, शहाणी आहेस, कुणी शिकवलं?

"पप्पांनी," ती म्हणाली. मग समोरच्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी आली. "ते एकदा खोटं बोलले होते ना, तुमच्याबद्दल. त्यांनी मला स्वतः सांगितलं. सॉरी, अंकल."

मी ‘+४’ लिहिलं. सही केली.